हळूहळू उजाडणारा टँकचा दिवा: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

फोंड्याला आमच्या माशांच्या तीन फुटी टँकवर हा एलईडी दिवा मे महिन्यात बसवला, आता दिवाळी झाली. घेतला तो एकाच गुणासाठी: सकाळी अर्ध्या तासात हळूहळू उजळतो, रात्री तसाच मालवतो. टँकच्या दिव्यात पैसे मोजावेत ते याच गोष्टीला, झगझगाटाला नाही.

माशांना पापण्या नसतात. बहुतेकांची बाहुलीही आपल्यासारखी लहान-मोठी होत नाही. उजेड बदलला की डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी पुढेमागे सरकतात आणि त्याला बराच वेळ लागतो. जुन्या ट्यूबचं बटण दाबताच टेट्रा मासे काचेवर धडकायचे, एंजल मासे कोपऱ्यात दबून राहायचे. ते पूर्ण थांबलं. आता पहिल्या मंद उजेडात तळाचे कोरिडोरास मासे वाळू उकरत असतात, टेट्रा विखुरलेले असतात, निऑन टेट्रांच्या अंगावरची रेघ अजून रात्रीची जांभळट असते. उजेड चढतो तशी ती निळी-हिरवी होत जाते आणि थवा जमतो. रोज चहा घेऊन हे बघते, कंटाळा येत नाही.

या दिव्यातला रात्रीचा निळा ‘मूनलाइट’ मात्र बंदच ठेवा. अंधारात माशांच्या मेंदूत मेलाटोनिन हे रात्रीचं संप्रेरक तयार होतं, रात्रीच्या उजेडाने ते घटतं. तो चालू असताना आमचे एंजल मध्यरात्रीही फिरत राहायचे.

उजेडाची ओढ काय असते हे गोव्यात वेगळं सांगायला नको. दिव्याकडे प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), त्यामागे तारले-बांगडे, आणि लहान-मोठं सगळं एकाच जाळ्यात. एलईडीच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी रापणकारांना, म्हणजे रापणीच्या जाळ्याने मासे धरणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांना, ती पाळली जावी म्हणून अजून भांडावं लागतं, याचं फार वाईट वाटतं.

दिव्याचा मोठा दोष: वीज गेली की टायमर सगळं विसरतो. जुलैत रात्री दोनला वीज आली आणि दिवा एकदम पूर्ण पेटला. सगळे मासे सैरावैरा. कंपनीकडे यावर उपाय नाही. राउटरचा छोटा यूपीएस जोडल्यापासून त्रास नाही, पण तो खर्च किमतीत धरूनच घ्या. कंपनीच्या सेटिंगवर दहा तास पूर्ण उजेड असतो, त्याने काचेवर शेवाळ धरतं. आठ तास, साठ टक्के पुरे. झाडंही व्यवस्थित वाढतात.