बॅकअप कपाटातच होता

आईच्या जात्यावरच्या ओव्या मी २०१७ आणि २०१८ च्या उन्हाळ्यात रेकॉर्ड केल्या. संशोधक हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, हे तेव्हा वाचनात आलं होतं. वाटलं, आपल्या घरात ज्या आहेत त्या तरी आपण जपाव्यात. जातं माळ्यावरून खाली काढलं आणि खुंटा पुन्हा ठोकून बसवला, कारण हातात खुंटा असल्याशिवाय आईला ओवी सुचायची नाही. नुसतं बसून म्हण म्हटलं की दुसऱ्या ओळीवर अडायची. सगळ्या मिळून ६२ फायली झाल्या. २०२१ मध्ये आई गेली.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाचा आमच्याकडे साताऱ्याला राहायला आला होता. लॅपटॉपवर गेमला जागा पुरेना म्हणून त्याने ‘जुनं’ नावाचं फोल्डर उडवलं, तेही शिफ्टचं बटण धरून, म्हणजे रिसायकल बिनमध्येसुद्धा काही उरलं नाही. तो बारा वर्षांचा आहे. मी त्याला एका शब्दानं बोलले नाही आणि हे वाचणाऱ्या कुणीही बोलू नये.

खरं तर घाबरायचं कारणच नव्हतं. मुलगा नोकरीसाठी बंगळूरला जाण्याआधी त्याने एक टीबीची बाहेरची हार्ड डिस्क आणून विंडोजची ‘फाइल हिस्ट्री’, म्हणजे फायलींच्या नकला आपोआप डिस्कवर ठेवणारी सोय, लावून दिली होती. आठवड्यातून एकदा डिस्क जोडायची, काम होऊ द्यायचं, काढून कपाटात ठेवायची. चार वर्षं मी ते न चुकता केलं. पण ठेवलेलं परत कसं काढायचं, हे एकदाही करून पाहिलं नव्हतं. मुलगा रात्रपाळी करून झोपला असेल, त्याला कशाला उठवा, म्हणून मी नेटवर हेल्पलाइन शोधली. सगळ्यात वर एक नंबर आला. तो जाहिरात म्हणून आलेला होता, पण बारीक अक्षरात लिहिलेलं ‘स्पॉन्सर्ड’ माझ्या नजरेत भरलं नाही.

पलीकडचा माणूस अतिशय नम्र होता. ‘मॅडम, घबराइए मत, फाइल कहीं नहीं जाती.’ मला त्या क्षणी नेमकं हेच कुणाकडून तरी ऐकायचं होतं. त्याने एक ॲप घ्यायला लावलं, त्यात दिसणारा नंबर विचारला, आणि माझ्या लॅपटॉपवरचा बाण आपोआप फिरू लागला. ‘बॅकअपवाली डिस्क भी लगा दीजिए.’ लावली.

मग त्याने ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडला. लाल गोल, पिवळे त्रिकोण, शेकडो ओळी. म्हणाला, हे सगळे व्हायरस, यांनीच बॅकअप बिघडवलाय. आज मला माहीत आहे की ती कॉम्प्युटरची रोजची नोंदवही असते. छान चालणाऱ्या मशीनवरही असे इशारे ढिगाने असतात. तुमच्याकडे विंडोज असेल तर आत्ता उघडून बघा, तुम्हालाही दिसतील. तो पुढे म्हणाला की १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० बंद झाली, म्हणून बॅकअप लॉक झाला आहे, अनलॉकचे १,९९९ रुपये. तारीख खरी होती, मी पेपरात वाचली होती, आणि तिथेच माझा विश्वास बसला. त्या दिवशी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबला, एवढंच झालं. त्याने मशीन बंद पडत नाही आणि कुणाचा बॅकअप लॉक होत नाही.

पैसे मी त्याच लॅपटॉपवरून, नेट बँकिंगने भरले. पासवर्ड टाकताना तो बघत होता. ‘फाइल की लिंक फोन पर आएगी’ म्हणून तेच ॲप फोनवरही घ्यायला लावलं, म्हणजे आता फोनवर येणारे ओटीपीही त्याला दिसत होते. मग लॅपटॉपची स्क्रीन काळी झाली, त्यावर ‘रिस्टोअर चालू आहे’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ. पंचवीस मिनिटं मी तशीच बसून होते. फोन सारखा थरथरत होता. तो म्हणाला, सिस्टीमचे मेसेज आहेत, उघडू नका. मी तिसरा मेसेज उघडला. ४०,०००, ३०,००० आणि १८,४०० रुपये गेले होते.

राउटरची वायर ओढली, फोन बंद केला आणि यांच्या फोनवरून आधी बँकेला, मग १९३० ला फोन लावला. हा नंबर लक्षात ठेवा, कुठेही लिहून ठेवा. सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. व्यवहाराचे क्रमांक विचारतात, तक्रारीचा क्रमांक देतात, आणि पैसे ज्या खात्यात गेले तिथे अजून पडून असतील तर ते तिथेच रोखून धरतात. माझे ३०,००० असे अडकले. बाकीचे तोवर पुढच्या खात्यांत गेले होते. अडकलेले परत मिळावेत म्हणून केलेला अर्ज चालू आहे. बँकेतल्या बाईंनी रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक दाखवलं. त्यात लिहिलं होतं, ग्राहकानेच पासवर्ड किंवा ओटीपी उघड केला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. त्यामुळे रडायचं ते नंतर, फोन आधी.

मी मात्र त्या संध्याकाळी डिस्क उघडून पाहिली आणि बसकण मारली. रिकामी होती. काळ्या पडद्यामागे त्याने ती फॉरमॅट केली होती. डिस्क निदान चालते का ते बघावं म्हणून मी फाइल हिस्ट्री पुन्हा सुरू केली. तासभर डिस्क घरघरत राहिली. हे मी करायला नको होतं. पैसे त्या माणसाने नेले, पण ही चूक माझ्या हातून झाली, आणि ती मला जास्त सलते.

दुसऱ्या दिवशी वेगळ्या नंबरवरून फोन आला. तुमचा सगळा डेटा आमच्या सर्व्हरवर सुरक्षित आहे, १५,००० भरा, परत देतो. मी भरणार होते. खरंच भरणार होते. मुलाने फोनवर थांबवलं आणि हिशेब मांडला. डिस्कवर चारशे जीबीच्या आसपास होतं. आपल्या ५० एमबीपीएसच्या लाइनवरून एवढं बाहेर जायला अठरा तास लागतील. त्यांच्याकडे होती पंचवीस मिनिटं. त्यांच्याकडे काहीही नाही, आई. नंबर ब्लॉक कर आणि त्या डिस्कला आता हात लावू नकोस.

डिस्क शेवटी गावातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने खर्च आधी सांगितला आणि म्हणाला, फाइल तुमच्या कानांनी ऐकाल तेव्हाच पैसे द्या. लॅपटॉपमधली डिस्क एसएसडी होती, म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपवाली. तिथे डिलीट केलेल्याची जागा लॅपटॉप स्वतःच लवकर साफ करून टाकतो, त्यामुळे तिथे फारशी आशा नाही. बाहेरची डिस्क जुन्या पद्धतीची, फिरत्या तबकडीची. तिचं झटपट फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं, पानं आत असतात. पण त्या पानांवर नवं काही लिहिलं गेलं की जुनं कायमचं जातं. मी सुरू केलेल्या बॅकअपने तेच केलं होतं. त्याने आधी पूर्ण डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढली आणि सगळं काम नकलेवर केलं.

काम चालू असताना त्याने स्वतःच्या कॉम्प्युटरला स्वतःची बॅकअपची डिस्क जोडून दाखवली. ‘फाइल हिस्ट्री’ नावाचं एक फोल्डर. त्याच्या आत फोल्डरात फोल्डर, आणि शेवटी साध्या फायली, कुलूप नाही की पासवर्ड नाही, फक्त नावापुढे कंसात तारीख आणि वेळ. कॉपी करायची, पेस्ट करायची. कुठल्याही विंडोजवर. ‘ताई, एवढंच होतं,’ तो म्हणाला. मला तिथे खुर्चीत बसवेना.

म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या घरी अशी डिस्क असेल तर याच आठवड्यात ती जोडा आणि एक, कुठलीही एक फाइल परत काढून बघा. गरज नसताना, मन शांत असताना. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसमोर काढून दाखवा. फाइल गूगल ड्राइव्हवरून उडाली असेल तर ती ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते, तिथे आधी जा. आणि मुलगा झोपला असेल तर त्याला उठवा. माझा मुलगा आजही म्हणतो, आई, तू मला उठवायला हवं होतंस.

६२ पैकी ४१ फायली मिळाल्या. नावं गेली, नुसते आकडे आले. त्यातल्या नऊ अर्धवट आहेत. एमपी३ असल्यामुळे निदान तुकडा तरी वाजतो. कुठली ओवी कुठल्या दिवशीची हे आता मलाच ऐकून ठरवावं लागतं. रोज संध्याकाळी एक ऐकते, नाव देते आणि दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवते. काल तेविसावी झाली. सुरुवातीला आई विचारते, ‘चालू झालं का गं?’ मग जात्याची घरघर, बांगड्यांचा आवाज, पंढरीच्या वाटेची पहिली ओळ, आणि तिथे फाइल तुटते.