सेकंड हँड डिझेल गाडी: 14 महिन्यांनंतरची वही

गाडी घेतली तेव्हा घरादाराचा एकच प्रश्न होता, "ॲव्हरेज किती देते?" देते की, वीसच्या खाली येत नाही. कामं किती काढेल, हे कुणी विचारलं नाही, मीही नाही.

2014 ची डिझेल हॅचबॅक, पासिंग एमएच 13, 2 लाख 85 हजारांना घेतली. जुळे सोलापूर ते चिंचोली एमआयडीसी रोज जाऊन-येऊन आणि महिन्यातून एकदा आईला घेऊन अक्कलकोट. 14 महिन्यांत 17 हजार किलोमीटर झाले. विकणाऱ्याने "बीएस-4 आहे मालक" असं दोनदा ऐकवलं होतं. बीएस-4 म्हणजे गाडीच्या धुराच्या प्रदूषणाचा सरकारी निकष. 2010 साली देशातल्या ज्या 13 शहरांत बीएस-4 आधी लागू झालं त्यात सोलापूर होतंच, त्यामुळे इथल्या 2014 च्या गाडीचं ते काही विशेष नव्हे. पण तेव्हा मान डोलावली.

मीटरवर 68 हजार होते. क्लच पेडलचं रबर मात्र पार गुळगुळीत झालेलं. तिसऱ्या महिन्यात सर्व्हिस सेंटरवाल्याने गाडीच्या नंबरवरून जुनी नोंद काढली, तर 2021 मध्येच 1 लाख 4 हजार झालेले! हे घेण्याआधी केलं असतं तर निदान भाव तरी पाडता आला असता. क्लच सेट त्याच महिन्यात गेला, 11,800. त्यात मजुरी 2,200 फक्त. आपल्याकडे मजुरी परवडते, पार्ट मारतात.

सगळ्यात महागात पडलं ते पाणी. आधीच्या मालकाने कूलंटचे पैसे वाचवून रेडिएटरला बोअरचं पाणी घातलेलं. बोअरचं पाणी किती जड, हे इथल्या कुठल्याही घरातला गीझर सांगेल. तीच खपली रेडिएटरच्या नळ्यांत बसते, आणि कूलंटमधलं गंज रोखणारं रसायन नसल्याने आतून गंजही धरतो. जानेवारीत, सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या दिवसांत, काही कळलं नाही. मे महिन्यात तुळजापूरच्या घाटात एसी चालू असताना काटा सरळ लालवर गेला. गाडी बाजूला घेऊन बंद केली आणि झाकणाला हात न लावता तासभर झाडाखाली बसलो. मेस्त्रींनी नंतर पाणी काढलं तर विटेच्या भुकटीसारखं लाल. "मालक, अजून दोन किलोमीटर ओढली असती तर इंजिनचं हेड उतरवावं लागलं असतं." रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, होस मिळून 13,400.

टायरच्या नक्षीवर मी फसलो. नक्षी भरपूर होती, पण बाजूला चार आकडे असतात ते वाचलेच नव्हते: 1916, म्हणजे 2016 चा एकोणिसावा आठवडा. रबर कडक होऊन भेगा पडलेल्या. चार टायर 17,200. पुढचं सस्पेन्शन (लोअर आर्म, लिंक रॉड, शॉकर) 14,600, याचं श्रेय आपल्या रस्त्यांनाही द्यायला हवं. एसीचा कंडेन्सर आणि गॅस 9,500, बॅटरी 5,200.

विम्याचं वेगळंच. "पॉलिसीवर 50 टक्के बोनस आहे" असं सांगून विकणाऱ्याने भाव ताणला होता. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो. पॉलिसी नावावर करताना त्या सवलतीचा फरक मलाच भरावा लागला.

दोन सर्व्हिसिंगचे 9 हजार धरून वहीत बेरीज 80,700 आहे, विमा आणि आरटीओ सोडून. किलोमीटरमागे पावणेपाच रुपये, डिझेल वेगळं. म्हणजे ॲव्हरेजमध्ये जे कमावलं ते मेस्त्रींकडे पोचवलं. यातला निम्म्याहून जास्त खर्च माझ्या चालवण्याचा नाही. आधीच्या मालकाने टाळलेली कामं माझ्या नावावर निघाली, गाडी नावावर झाली तशी.

मेहुणा म्हणतो, विकून टाक. आता विकू? क्लच, टायर, रेडिएटर सगळं नवं करून पुढच्याला आयतं देऊ? शेवटच्या चार महिन्यांत फक्त ऑइल बदललंय. आणखी तीन वर्षं तरी वापरणार. 2029 ला पंधरा वर्षं भरतील, तेव्हा पासिंगच्या वेळी बघू.

मागच्या उजव्या दाराची काच अजून अर्ध्यावर अडकते. मेस्त्री म्हणाले, मोटर 1,800 ची. तिथे आई बसते, आणि तिला वारा सोसत नाही.