पडद्यावरचे व्होल्टेज आणि मीटरवरचे व्होल्टेज : सीताबर्डीतील एका दुरुस्ती-दुकानाची सेवा

माझ्या संगणकात इंटेलचा आय५-९६००के हा प्रोसेसर झेड३९० चिपसेटच्या मदरबोर्डावर बसवलेला आहे आणि तो मी बरीच वर्षे ५ गिगाहर्ट्झवर चालवतो. त्यासाठी बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) १.३०० व्होल्ट दिले आहेत. दिलेले व्होल्टेज आणि प्रोसेसरच्या पायाशी पोहोचणारे व्होल्टेज यांत नेमका किती फरक पडतो, हे प्रत्यक्ष मोजून घ्यावे अशी इच्छा फार दिवसांपासून होती. ओव्हरक्लॉकिंगसाठीच्या, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्यासाठीच्या, महागड्या बोर्डांवर मीटरच्या प्रोबसाठी वेगळे बिंदू काढून दिलेले असतात. माझ्या बोर्डावर ते नाहीत. म्हणून एप्रिलमध्ये कॅबिनेट ऑटोत घालून नागपूरच्या सीताबर्डीतील एका चिप-लेव्हल (बोर्डावरच्या सुट्या भागांच्या) दुरुस्तीच्या दुकानात नेले. दुकानाचे नाव देत नाही, कारण मालकांनीच तसे बजावले आहे : “नाव टाकाल तर उद्या इथं लाइन लागन, अन् माझे लॅपटॉप तसेच पडून राहतीन.”

कामाची पद्धत मला आवडली. माझी अपेक्षा अशी होती की कारागीर चालू बोर्डावर सरळ प्रोब टेकवतील. त्यांनी तसे करण्यास साफ नकार दिला, आणि तो योग्यच होता. सॉकेटच्या, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेच्या, शेजारी असलेल्या कॉइलच्या एका टोकाला प्रोसेसरचे व्होल्टेज असते, तर दुसऱ्या टोकाला १२ व्होल्ट आणि शून्य यांच्यामध्ये सेकंदाला लाखो वेळा हेलकावे घेणारे व्होल्टेज असते. प्रोब तिथे घसरला आणि दोन ठिकाणे जोडली गेली, तर प्रोसेसर एका क्षणात संपतो. त्यांनी बोर्ड बाहेर काढला, सॉकेटच्या पाठीमागच्या सिरॅमिक कपॅसिटरच्या दोन टोकांना केसाएवढ्या बारीक तारा सोल्डर केल्या, त्या चिकटपट्टीने बसवल्या आणि बाहेर काढून दोन पिनांच्या कनेक्टरला जोडल्या. तिसरी तार कॉइलच्या प्रोसेसरकडील टोकाला लावली. सोल्डरिंग भिंगाखाली पाहिले. कुठेही जादा कथील ओघळलेले नव्हते. बोर्डाची वॉरंटी केव्हाच संपली होती म्हणून मी हे करू दिले. वॉरंटी शिल्लक असलेल्यांनी या वाटेला जाऊ नये.

आता आकड्यांकडे येतो. संगणक निवांत असताना सॉफ्टवेअर १.२९६ दाखवत होते आणि मीटरही जवळपास तेच सांगत होता. सिनेबेंच आर२३ ही प्रोसेसरवर पूर्ण भार (लोड) टाकणारी चाचणी सुरू केल्यावर सॉफ्टवेअरचा आकडा १.२६० वर आला. मीटरवर मात्र कॉइलपाशी १.२५२ आणि सॉकेटच्या पाठीमागे १.२२१ व्होल्ट मिळाले. म्हणजे पडद्यावरील आकडा आणि सॉकेटपाशी मोजलेला आकडा यांत ३९ मिलिव्होल्टचा फरक होता. मीटरची अचूकता ०.५ टक्के अधिक ३ अंक अशी असल्याने १.२२१ च्या वाचनात ९ मिलिव्होल्टपर्यंत चूक संभवते; फरक त्याच्या चौपटीहून अधिक असल्यामुळे तो मीटरच्या माथी मारता येत नाही.

कारागिरांनी त्याचे कारण कागदावर आकृती काढून समजावले. सॉफ्टवेअर स्वतः काहीच मोजत नाही. ते बोर्डावरच्या सुपर आय/ओ या देखरेखीच्या चिपने घेतलेले वाचन दाखवते. माझ्या बोर्डावरील चिप १२ मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनीच मोजते, म्हणून १.२४८, १.२६०, १.२७२ असेच आकडे येतात, मधले काही दिसतच नाही. त्यात तिची संवेदन-तार व्हीआरएमच्या (१२ व्होल्टचे प्रोसेसरचे व्होल्टेज बनवणाऱ्या भागाच्या) बाजूला जोडलेली असावी, असे कॉइलपाशी मिळालेल्या आकड्यावरून दिसते. तिथून सॉकेटपर्यंतच्या तांब्याचा रोध मिलिओहमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा धरला आणि त्यातून ९० ॲम्पिअरच्या आसपास प्रवाह गेला, तर ३० मिलिव्होल्ट वाटेतच गळतात. सॉकेटच्या पिना आणि प्रोसेसरचे पॅकेज यांत आणखी थोडे जातात, त्यामुळे खुद्द सिलिकॉनपाशी व्होल्टेज १.२२१ पेक्षाही कमीच असणार.

एका ठिकाणी मात्र मला हस्तक्षेप करावा लागला. पहिल्या वाचनाच्या वेळी काळा प्रोब कॅबिनेटच्या स्क्रूवर ठेवला होता आणि मीटर १.२३१ दाखवत होता. परतीचा प्रवाहही बोर्डाच्या ग्राउंड थरातूनच वाहतो, म्हणजे तिथेही व्होल्टेज पडते. ते टाळायचे तर काळा प्रोब त्याच कपॅसिटरच्या दुसऱ्या टोकाला हवा. मी हे सुचवल्यावर त्यांनी बिनातक्रार प्रोब तिथल्या तारेला लावला आणि आकडा १० मिलिव्होल्टने उतरला. एवढे बारीक सोल्डरिंग करणाऱ्या माणसाच्या हातून हे निसटावे याचे थोडे आश्चर्य वाटले.

दुकानात ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचे क्षणाक्षणाचे चढउतार रेघेने दाखवणारे यंत्र) आहे, हे माझ्या दृष्टीने या सेवेचे खरे मोल. मला लोड-लाइन कॅलिब्रेशन, म्हणजे लोडखाली पडणारे व्होल्टेज भरून काढणारे बायोसमधील सेटिंग, सर्वांत वरच्या पातळीवर न्यायचे होते, म्हणजे लोडखाली व्होल्टेज पडणारच नाही. तसे करून पाहिले तेव्हा मीटर लोडखाली १.२९० वर स्थिर राहिला आणि मी खूश झालो. स्कोपने तो आनंद टिकू दिला नाही. लोड सुटण्याच्या क्षणी रेघ काही मायक्रोसेकंदांसाठी १.३६ पर्यंत उसळत होती. सेकंदातून तीनेक वेळा आकडा बदलणाऱ्या मीटरला ही उसळी कधीच दिसली नसती. मधल्या पातळीवर ती जवळजवळ नव्हती. “पडते ते पडू द्या भाऊ, उसळते ते वाईट,” असे ते म्हणाले, आणि मी सेटिंग पूर्ववत ठेवले.

ज्याला १.३० व्होल्ट लागतात असे मी समजत होतो, तो प्रोसेसर लोडखाली १.२२ वरच टिकून आहे, हे कळल्याने नागपूरच्या उन्हाळ्यापुरती काळजी हलकी झाली. तापमान वाढले की त्याच व्होल्टेजवर गळतीचा प्रवाह वाढतो, आणि डिसेंबरात निमूट चालणारा संगणक मे महिन्यात अडू लागतो.

तक्रारी दोन आहेत. सांगितलेल्या एका दिवसाऐवजी काम तीन दिवसांनी मिळाले, आणि मोजणीची लेखी नोंद मिळाली नाही; वरचे सगळे आकडे मीच मोबाइलवर टिपून घेतले. ६०० रुपये दर मला रास्त वाटला. तारा तशाच ठेवल्या आहेत, कारण रॅमचे एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारे तयार सेटिंग) सुरू केल्यावर हा बोर्ड व्हीसीसीआयओ आणि सिस्टिम एजंट या प्रोसेसरमधील रॅमशी संबंधित भागांचे व्होल्टेज आपल्या मनाने वाढवतो असा मला संशय आहे. पुढच्या खेपेला त्या दोन ठिकाणी तारा लावून घेणार आहे, आणि काळा प्रोब कुठे ठेवायचा ते आधीच सांगणार आहे.