अमेरिकी सरकारी इमारतींचा ऑनलाइन लिलाव: बोली सोपी, गोम कागदात

अमेरिकेच्या केंद्र सरकारला नकोशा झालेल्या इमारती आणि जमिनी विकायचं काम प्रामुख्याने जीएसए (जनरल सर्व्हिसेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन) ही सरकारी संस्था करते. तिच्या ऑनलाइन लिलावाचा बोलीचा भाग चोख आहे. नोंदणी करा, अनामत भरा, बोली लावा. चालू बोली सगळ्यांना दिसते. शेवटच्या टप्प्यात नवी बोली आली की मुदत वाढते, त्यामुळे अखेरच्या सेकंदाला डाव साधता येत नाही.

मात्र लिलावात येतो तो गाळून उरलेला माल. आधी इतर केंद्रीय खात्यांना विचारतात. त्यांनी नाकारलं की १९८७ च्या मॅकिनी-व्हेंटो कायद्यानुसार बेघरांसाठी काम करणाऱ्यांना संधी. पुढे शाळा, उद्यानं अशा लोकोपयोगी कामांसाठी सवलतीत, कधी फुकटही. इतक्या जणांनी ती मालमत्ता का सोडली, याचं उत्तर बऱ्याचदा छतात किंवा जमिनीखालच्या प्रदूषणात सापडतं.

विक्री ‘आहे तशी, आहे तिथे’. हाती पडतो क्विटक्लेम दस्त, म्हणजे सरकारचा जो काही हक्क असेल तेवढाच तुमच्या नावे. तो निर्वेध असल्याची हमी नाही. टायटल सर्च (मालकी हक्काची तपासणी) आणि टायटल विमा (त्या हक्कातल्या दोषांपासून संरक्षण) आपल्या खिशातून. अ‍ॅस्बेस्टॉस (आरोग्याला घातक तंतू) आणि शिसं असलेल्या रंगाची सूचना कागदात असते, ते काढायचा खर्चही आपलाच. बोली मंजूर झाली की अनामत साधारण किमतीच्या १० टक्क्यांपर्यंत न्यावी लागते. ‘कर्ज मिळालं तर घेतो’ ही अट चालत नाही. माघार घेतली की अनामत बुडाली.

भुरळ घालतात ती दीपगृहं. २००० च्या कायद्यानुसार ती आधी सरकारी आणि ना-नफा संस्थांना फुकट देऊ करतात, कुणी पात्र ठरलं नाही तर लिलाव. मिशिगनमध्ये सरोवरात उभं दीपगृह घेतलं तर मनोरा तुमचा, पण खालचा तळ राज्याचा; त्याचा करार वेगळा. दिवा चालू असेल तर तटरक्षक दलाची माणसं देखभालीला येत राहणार आणि धुक्यात इशारा देणारा भोंगा असला तर तो वाजणार. वीज नाही, नळ नाही. पाहणीच्या दिवशी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोटीतून शिडीवर चढवता येत नसेल, तर बांधकामाचं सामान तिथे कसं चढवणार, हा हिशेब बोलीआधीच मांडा.