चड्डी नसलेला सुपरमॅन: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

पुतळ्याचा ‘वापर’ तो काय, असं कुणी विचारायच्या आत सांगते. रोज सकाळी चहा पिताना त्याच्याकडे बघायचं, महिन्यातून दोनदा धूळ काढायची, पाहुण्यांच्या पोरांपासून वाचवायचं आणि पावसाळ्यात त्याच्या खोक्याला बुरशी धरत नाही ना, हे पाहायचं. ऑक्टोबर २०२४ पासून हे सगळं करतेय, म्हणून लिहायचा हक्क आहे असं समजते.

वस्तू अशी: सुपरमॅन, १/६ स्केल, पॉलिस्टोन, म्हणजे रेझिनमध्ये दगडाची पूड मिसळून ओतलेला. माझ्या फूटपट्टीनं तेरा इंच, स्वयंपाकघरातल्या काट्यावर पावणेतीन किलो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे दोन-चार तक्रारी आहेत. पोशाख मात्र लिहायलाच हवा, सगळं रामायण त्याचंच आहे. हा २०११ च्या ‘न्यू ५२’चा, म्हणजे डीसी ह्या कॉमिक प्रकाशकानं सगळं नव्यानं पहिल्या अंकापासून सुरू केलं तेव्हाचा सुपरमॅन. उंच कॉलर, चिलखतासारख्या रेषा, लाल पट्टा आणि लाल चड्डी गायब.

बोरिवलीच्या एका संग्राहकाकडून अकरा हजारांना सेकंडहँड घेतला. ते गृहस्थ भला माणूस. खोकं, थर्माकोल, नंबरचं कार्ड, सगळं जपलेलं. का विकताय विचारलं, तर म्हणाले, “मॅडम, ह्या ड्रेसला आता कोण विचारतंय? चड्डी परत आली.” त्याच वर्षी मे महिन्यात नव्या चित्रपटातल्या सुपरमॅनचा, बूट चढवत बसलेला फोटो आला होता आणि त्यात लाल चड्डी होती. तो फोटो बघून त्यांनी एक अख्खा कप्पा रिकामा करायला काढला होता. त्यांचा कप्पा रिकामा झाला आणि माझं फावलं.

आता मला हाच का हवा होता, ते सांगते.

३१ ऑगस्ट २०११ ला डीसीनं ‘जस्टिस लीग’चा नवा पहिला अंक काढला. लेखन जेफ जॉन्सचं, चित्रं जिम लीची. पुढच्या महिन्यात एकूण ५२ मालिका पहिल्या अंकापासून सुरू झाल्या, आणि छापील अंकाच्याच दिवशी डिजिटलही मिळायला लागले. पुण्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, कॉमिकचं दुकान कधी न पाहिलेल्या माझ्यासारखीला हे दार उघडल्यासारखं होतं. सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा इतिहास वाचून या, मग बसा, असं कुणी म्हणत नव्हतं. पहिला अंक म्हणजे खरंच पहिला अंक. त्यामुळे मी मन लावून वाचलेला पहिला सुपरमॅन कॉलरवाला, बिनचड्डीचा. ग्रँट मॉरिसन आणि रॅग्ज मोरालेसच्या ‘ॲक्शन कॉमिक्स’मध्ये तर तो आधी चक्क टी-शर्ट आणि जीन्सवर केप लावून फिरतो. तोही मला आवडायचा.

जुन्या वाचकांनी तेव्हा आकाशपाताळ एक केलं. त्यांचंही चूक नव्हतं. १९३८ मध्ये जेरी सीगल आणि जो शुस्टरनी हा गडी उभा केला, तेव्हा सर्कशीतले बलदंड पैलवान आणि कुस्तीवाले घट्ट विजारीवर चड्डी घालत. ताकद दाखवायची ती रूढ खूण होती. शिवाय स्वस्त कागदावर मोजक्या रंगांत छापायचं, तर निळ्याला मध्ये कुठेतरी तोडायला लागतं. कमरेचा लाल तुकडा ते काम करायचा. हे मी आधी वाचलं होतं, पण पटलं ते स्टॅच्यू घरात आल्यावर. चार फुटांवरून पाहिलं की गळ्यापासून गुडघ्यापर्यंत सगळं निळं निळं. नजर छातीवरच्या ‘एस’वरून जी घसरते ती थेट बुटांवर जाऊन थांबते. मधला बारीक लाल पट्टा पुरा पडत नाही.

ही उणीव भरून काढायला रेषा आल्या असाव्यात, असा माझा अंदाज. बरगड्यांवर, मांड्यांवर, खांद्यांवर. जिम लीच्या हातात त्या रेषा शोभतात, कारण त्याची शैलीच बारीक रेघांची आहे. दुसरा चित्रकार आला की त्याच रेषा कुठेही जायच्या. कागदावर ते चालून जातं. मूर्तिकाराला मात्र त्या कायमच्या कोराव्या लागतात, आणि कोरल्या की खाचा होतात. आणि खाचा झाल्या की ठाण्याची धूळ आहेच.

आमचं घर हमरस्त्यापासून दोन गल्ल्या आत आहे. काचेचं कपाट असूनही दोन आठवड्यांत ह्या खाचांमध्ये करड्या रेघा उमटतात, कुणी शिसपेन्सिलीनं आखल्यासारख्या. कापडानं पुसलं तर धूळ आणखी आत बसते. मी गालांना लावायचा जुना मऊ ब्रश वापरते, मग फोटोवाल्यांकडचा रबरी फुगा दाबून हवा मारते. एका पायाला दहा मिनिटं. माझ्याकडे त्याच मापाचा जुन्या पोशाखातला एक सुपरमॅन आहे, साधा गुळगुळीत, चड्डीवाला. तो सगळा मिळून तीन मिनिटांत होतो. पोशाखाच्या बदलावर चाहते रात्र रात्र वाद घालतात, पण धूळ काढायचा मुद्दा कुणी काढलेला मी ऐकला नाही.

बाकी तक्रारी लौकर उरकते. डाव्या मनगटातलं लोहचुंबक सैल आहे, फॅन फुल केला की मूठ हलते. केपच्या आतल्या बाजूला रंगाचा एक फुगवटा आहे, दिसत नाही पण बोटाला लागतो. बेसवरच्या तुटक्या काँक्रीटचं रंगकाम करणाऱ्याला बहुतेक सुट्टी हवी होती. चेहरा मात्र सुरेख. त्रासलेला, तरुण, जरासा उद्धट. हा माणूस अजून कुणाचा लाडका झालेला नाही, हे त्या चेहऱ्यावर आहे, आणि २०११ चा सुपरमॅन नेमका तसाच होता.

तो मेला, हे अनेकांना माहीत नसतं. २०१६ मध्ये गोष्टीतच त्याला मारलं आणि त्याच्या जागी आधीच्या काळातला, लग्न झालेला, मुलगा असलेला सुपरमॅन आणला. पुढच्या वर्षी दोघांचे धागे एकत्र गुंफले. १८ एप्रिल २०१८ ला ‘ॲक्शन कॉमिक्स’चा १००० वा अंक आला आणि चड्डी परतली. कॉमिकच्या बाजूनं विषय मिटला. वाचणाऱ्याला आवडलं नाही तर पुढच्या महिन्यात दुसरा अंक येतो. स्टॅच्यू घेणाऱ्याचं तसं नाही. आधी घोषणा, मग प्रोटोटाइपचे फोटो, मग आगाऊ रक्कम, मग वर्ष-दीड वर्ष वाट. खोकं दारात येईतो लेखक-चित्रकार बदललेले असतात, कधी पोशाखही. आपण ज्या बातमीनं हुरळून पैसे भरले ती बातमी शिळी झालेली असते, आणि दगड-रेझिनचा माणूस ताजाच्या ताजा समोर उभा.

कोणता बदल टिकेल हे आधी ओळखता येतं का? मला तरी जमलेलं नाही. स्पायडरमॅनचा काळा पोशाख बघा. रँडी शूलर नावाच्या एका वाचकाची कल्पना, १९८२ मध्ये मार्व्हलनं २२० डॉलरला विकत घेतली. १९८४ मध्ये पोशाख अंकात आला, आणि १९८८ मध्ये स्पायडरमॅन पुन्हा लाल-निळ्यावर गेला. जेमतेम चार वर्षांचं राज्य. पण त्या काळ्या पोशाखाला स्वतःची गोष्ट मिळाली. तो जिवंत निघाला, १९८८ मध्ये त्याचा व्हेनम नावाचा खलनायक झाला, आणि आज काळ्या स्पायडरमॅनचा स्टॅच्यू कुणी ‘चुकीच्या ड्रेसमधला’ म्हणत नाही. उलट १९९७ चा निळ्या विजेचा सुपरमॅन घ्या. अंगावर केपसुद्धा नाही. तो आवडणारे भेटले तर त्यांना कडकडून मिठी मारावी, इतके थोडे. माझा सुपरमॅन ह्या दोघांच्या मध्ये कुठेतरी लटकलाय.

एक गोष्ट मात्र विकत घेताना कामाची आहे. ज्या स्टॅच्यूच्या मागे पोशाख नव्हे तर चित्रकार असतो, तो कमी शिळा होतो. ‘बॅटमॅन ब्लॅक अँड व्हाइट’ ही मालिका त्यासाठीच मला आवडते. प्रत्येक मूर्ती एकेका चित्रकाराच्या हातची, रंग नाहीतच. चड्डी काळी की करडी, छातीवर पिवळा गोल आहे की नाही, हा तंटाच उरत नाही. माझ्या सुपरमॅनच्या खोक्यावर पोशाखाचं नाव मोठं आहे आणि चित्रकाराचं कुठेही नाही. तेव्हाच समजायला हवं होतं.

आणि घ्यायचा तर भारतातल्याच कुणाकडून घ्या. खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ मध्ये ७०. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा शिक्काही सक्तीचा आहे. स्टॅच्यू म्हणजे खेळणं की शोभेची वस्तू, ह्यावर सगळं गणित फिरतं, आणि पावणेतीन किलोचं टपाल वेगळंच.

घरच्यांचा अनुभव लिहिल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. खोकं उघडलं त्या दिवशी सासूबाई बाजूला उभ्या होत्या. चष्मा पुसून त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, “अगं, ह्याची चड्डी कुठंय?” त्यांचा सुपरमॅन म्हणजे क्रिस्टोफर रीव्ह. त्याच्याही आधी मराठी ‘इंद्रजाल’ कॉमिकमधला वेताळ, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी वरून घालणारा. वेताळाचा अंगरखा आपल्याकडे जांभळा, स्वीडनमध्ये निळा, इटलीत लाल, असं मी त्यांना सांगितलं, तर त्यांनी हात झटकला. “रंग काहीही असू दे, चड्डी होती ना?” माझा नऊ वर्षांचा मुलगा बरोबर उलटा. त्यानं घरी हेन्री कॅव्हिलचा बिनचड्डीचा सुपरमॅन पाहिलेला, त्यामुळे कपाटातल्या जुन्या स्टॅच्यूकडे बोट दाखवून तो मित्रांना सांगायचा, “हा चड्डी वर घालायला चुकला.”

जुलै २०२५ मध्ये आम्ही सगळे नवीन सुपरमॅन बघायला गेलो. चड्डी परत आणण्यामागचं कारण दिग्दर्शक जेम्स गननं सांगितलेलं आहे. डोळ्यांतून किरण सोडणाऱ्या, उडणाऱ्या परग्रहवासीयाला बघून पोरं घाबरू नयेत, म्हणून पैलवानासारखा पोशाख बरा, हे त्याला नटानं, डेव्हिड कोरेन्स्वेटनं पटवलं. ८७ वर्षांच्या भांडणात मी ऐकलेलं हे सगळ्यात शहाणं वाक्य. मुलाचं मत थिएटरातच बदललं. सासूबाई तर विजयी मुद्रेनंच बाहेर पडल्या.

दोन दिवसांनी ऑफिसातून आले तर कपाटातल्या माझ्या सुपरमॅनला चड्डी. खरीखुरी, कापडाची. ब्लाउजच्या लाल अस्तराचा उरलेला तुकडा, कडा दुमडून हातशिलाई, आणि पाय बेसला चिकटलेले म्हणून एका बाजूनं उघडी ठेवून टिच बटण लावलेलं. माप बिनचूक. मूळ मूर्तिकाराला जमला नसता इतका कमरेचा बाक त्यांनी पकडला होता. नजर आता मध्ये थांबत होती. मी काही बोलले नाही, काढलीही नाही. गणपतीच्या सजावटीसाठी सगळं आवरायला घेतलं तोपर्यंत सहा आठवडे तशीच राहिली.

काढली तेव्हा कळलं, अस्तराचा रंग कच्चा होता. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तो उतरून निळ्यावर लागला. सपाट भागावरचा कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं निघाला. खाचांमधला निघाला नाही. ब्रश, काडी, सगळं करून झालं. नितंबाच्या दोन रेषांत आणि मांडीच्या वरच्या एका रेषेत तो जांभळट लाल बसलाय, चार फुटांवरून दिसत नाही, हातात घेतला की दिसतो. आता हा कुणाला विकायचा तर फोटोत तेवढं दाखवावं लागेल. सासूबाईंनी पक्क्या रंगाचं कापड आणलंय, त्या जुन्याचं माप मागतायत.