सोलापूरहून समुद्र : गणपतीपुळे की गोकर्ण?

सोलापूरकराला समुद्र गाठायचा तर दोन सरळ रस्ते आहेत. १६६ क्रमांकाचा महामार्ग मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाटातून रत्नागिरीत उतरतो. ५२ क्रमांकाचा विजयपूर, हुबळी, यल्लापूर करत अंकोल्याला संपतो, आणि तिथून गोकर्ण जवळच. पहिला अंदाजे साडेतीनशे किलोमीटर, वर गणपतीपुळ्याचे पंचवीसेक. दुसरा साडेचारशेच्या आसपास. आकडे पाहून कुणीही पहिलाच निवडेल. मीही तोच निवडला होता.

बरोबर एकच माणूस, शाळेपासूनचा दोस्त. टॉवेलचा कारखाना आहे त्याचा, त्यामुळे डिकीत टॉवेल सहा आणि शर्ट दोन. घरच्यांना न घेता, नुसतं उन्हात पडून राहायचं आणि बोलायचं, एवढाच बेत होता. सोलापूरच्या माणसाला उन्हाचं काय कौतुक, असं बायको म्हणाली. तिला कसं सांगणार, की वाळूवरचं जानेवारीचं ऊन वेगळं आणि नव्या पेठेतलं एप्रिलचं वेगळं.

आधी जे निर्विवाद आहे ते सांगून टाकतो. आरे-वारेच्या वळणावरून खाली जो समुद्र दिसतो, त्याच्या तोडीचं गोकर्णात मला काही दिसलं नाही. खाण्यातही रत्नागिरीची बाजू उजवी. उकडीचे मोदक, सोलकढी आणि साधं घरगुती ताट, दोन दिवस तक्रारीला जागा नव्हती. गोकर्णात कुडले किनाऱ्यावरच्या झोपड्यांमध्ये पॅनकेक मिळतो, पास्ता मिळतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गाडीतली कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. अंकोल्याला रस्त्यावर माशांचं ताट मात्र झकास मिळालं, हे मान्य करायला हवं.

पोहण्याचं म्हणाल तर दोन्हीकडे जपूनच. पुळ्याला धोक्याचे फलक उगीच लावलेले नाहीत, आणि गोकर्णाच्या ॐ किनाऱ्यावर खडक आहेत. विहिरीत पोहायला शिकलेल्यांनी समुद्रात शहाणपणा करू नये, एवढंच.

आता खरी गोष्ट. ती किनाऱ्याची नाही, रस्त्याची आहे.

१६६ क्रमांकाच्या महामार्गावर माझे नातेवाईक राहतात. एखाददुसरे नव्हे, ओळीने. पहाटे पाचला निघालो. निघताना गाडीचा फोटो स्टेटसला टाकला, ही माझी चूक. मंगळवेढा यायच्या आत मावशीचा फोन. जानेवारी म्हणजे हुरड्याचे दिवस, शेतात आगटी पेटलेलीच होती. 'दोनच कणसं खा' म्हणत दीड तास गेला. सांगोल्याला बायकोचे मामा रस्त्यावर येऊन उभे, कारण मावशीने त्यांना कळवलं होतं. मिरजेला आत्याकडे जेवण. आत्याचं जेवण म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, पहिल्या वाढीला 'नको' म्हणणं हा अपमान आणि तिसऱ्या वाढीला 'नको' म्हणणं हा संशय. कोल्हापूरला थोरल्या बहिणीकडे चहा होता, तो रात्रीच्या जेवणापर्यंत लांबला. आंबा घाट अंधारात उतरलो. ज्या घाटासाठी दोस्त खिडकीशी बसला होता, तिथे त्याला समोरच्या गाड्यांचे दिवे दिसले.

बरं, नुसते थांबे असते तरी चाललं असतं. प्रत्येक घरातून एक काम मिळालं. मावशीचे अभिषेकाचे पैसे, मामींचा नारळ, आत्याला आमसुलं आणि आगळ, बहिणीला फणसपोळी, तीही 'मागच्या वेळेसारखी नको, मऊ बघून आण' या अटीसह. दुसरा दिवस दर्शनाच्या रांगेत आणि दुकानांत गेला. संध्याकाळी वाळूवर बसलो तेव्हा शेजारून उंट गेला आणि दोस्त म्हणाला, 'तो आणि आपण, दोघंही ओझ्यालाच आलोय.' परतीला त्याच चार घरी पिशव्या पोचवायच्या होत्या, म्हणजे पुन्हा तेच चार आग्रह.

दोस्ताचं घर मूळचं तेलंगणातलं. त्याचे सगळे पाहुणे हैदराबादच्या दिशेला. माझे पश्चिमेला. दक्षिणेकडे आमचं दोघांचंही कुणी नाही, हे कळायला आम्हाला एक वर्ष लागलं.

पुढच्या फेब्रुवारीत गोकर्ण. 'गोकर्णाला जातोय' म्हटल्यावर आत्या जरा थांबली आणि हळूच म्हणाली, 'का रे, कुणाचं काय करायचं राहिलंय?' तिच्या लेखी ते श्राद्धाचं गाव. नारळ नाही, आगळ नाही, फणसपोळी नाही. विजयपूरला नाश्ता, गोलघुमटाला गाडीतूनच नमस्कार, कोल्हारला कृष्णेचं अफाट पाणी, आणि यल्लापूरनंतर घाटातली गर्द झाडी. ट्रकमागे रखडावं लागलं, पण रखडताना गप्पा चालू होत्या. दुपारी तीनला पोचलो. शंभर किलोमीटर जास्त, आणि तरी उजेडात.

गोकर्णातही कटकटी आहेतच. कुडलेला पायऱ्या उतराव्या लागतात, म्हणजे चढाव्याही लागतात. हाफ मून आणि पॅराडाइज चालत करायचे तर टेकडीची पायवाट आहे, गुडघे कुरकुरत असतील तर होडी बघा. आणि टॉवेल वाळत नाहीत. सोलापुरात जो टॉवेल अर्ध्या तासात कडक होतो, तो तिथे दुसऱ्या सकाळीही गार होता. कारखानदाराच्या तोंडावर ते दुःख स्पष्ट दिसत होतं.

पण दुसऱ्या संध्याकाळी, ऊन कलल्यावर, ओल्या टॉवेलवर बसून त्याने मला सांगितलं की तो अर्धे माग विकायचं म्हणतोय. हे त्याच्या मनात वर्षभर होतं, म्हणजे पुळ्याच्या वेळीही असणार. तिथे मी फणसपोळी मऊ आहे का ते दाबून बघत होतो.

सहकुटुंब जाणार असाल, आईवडील बरोबर असतील, तर पुळ्यालाच जा. तिथे दर्शन, जेवण, मुलांना उंट, सगळं जमतं. तुमचे नातेवाईक लातूर-नांदेडकडे असतील तर आणखी उत्तम, हा सगळा लेख तुम्हाला लागूच नाही. दोघंच दोस्त असाल तर मी तरी गोकर्ण म्हणेन, आणि सोलापूर सोडेपर्यंत फोटो टाकू नका असंही म्हणेन.

आम्ही येत्या जानेवारीत पुन्हा तिकडेच जाणार आहोत. फक्त गेल्या महिन्यात पुतणीचं लग्न ठरलं. मुलगा हुबळीचा आहे. परवाच व्याह्यांचा फोन आला होता, जाताना जेवूनच जायचं म्हणून.