सहा मॉक इंटरव्ह्यू आणि ११ मिनिटांची शांतता

पहिल्या सत्राचं रेकॉर्डिंग अजून माझ्याकडे आहे. त्यात सलग ११ मिनिटं फक्त कीबोर्डचा आवाज आहे. मधे एकदा मी घसा खाकरते, तेवढंच.

सेवा अशी आहे: पैसे भरले की सहा मॉक इंटरव्ह्यू, म्हणजे सरावाच्या मुलाखती, मिळतात. समोर कुठल्यातरी कंपनीत काम करणारा इंजिनीअर, दोघांना दिसणारा, कोड लिहायचा एक एडिटर, ४५ मिनिटं प्रश्न, १५ मिनिटं त्यावर बोलणं आणि दुसऱ्या दिवशी लेखी अभिप्राय. नाव देत नाही. अशा सेवा आता ढिगाने आहेत आणि बहुतेक एकाच साच्यातल्या, त्यामुळे ज्याने त्याने आपापली ताडून बघावी. मी ही घेतली तेव्हा कॉम्प्युटर सायन्सची पदवी हातात येऊन पाच महिने झाले होते. अर्ज १४०च्या वर गेले होते. उत्तरं आली नऊ, त्यातली सहा 'पुढील वाटचालीस शुभेच्छा' छापाची. (वरती 'फ्रेशर चालेल' आणि खाली 'किमान दोन वर्षांचा अनुभव', अशा जाहिराती मी सुरुवातीला जमवून ठेवत होते. मग कंटाळा आला.) उरलेल्या तीन ठिकाणी मुलाखत झाली, तिन्हीकडे माझा कोड बरोबर होता आणि तिन्हीकडून नकार. हे काय गौडबंगाल आहे ते कुणीतरी सांगावं म्हणून मी पैसे भरले.

ते पहिल्याच सत्रात कळलं. प्रश्न सोपा होता: दिलेल्या स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अक्षरांच्या ओळीत, एकदाच आलेलं पहिलं अक्षर शोधा. मी मान खाली घातली, हॅशमॅपमध्ये (प्रत्येक अक्षरापुढे त्याची मोजणी ठेवणाऱ्या तक्त्यात) अक्षरं मोजली, दुसऱ्या फेरीत ज्याची मोजणी एक आहे ते परत केलं. ओ ऑफ एन, म्हणजे अक्षरांच्या प्रमाणातच काम, सगळं ठीक. मान वर केली तर समोरचे इंजिनीअर म्हणाले, "उत्तर बरोबर आहे. पण मी तुम्हाला घेतलं नसतं." आणि मग, "११ मिनिटं मी बंद दाराबाहेर उभा होतो."

मला आधी राग आला. परीक्षेत चार वर्षं मान खाली घालूनच लिहिलं होतं. तिथे तोंडातून शब्द निघाला तर कॉपी धरतात. आणि इथे नेमकं उलटं: प्रश्न ऐकल्यावर आधी विचारायचं की इनपुट रिकामं असू शकतं का, कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी धरायची का, मग साधा, हळू चालणारा मार्ग तोंडाने सांगायचा, तो का नको ते सांगायचं, आणि मग टाइप करायला घ्यायचं. हे कुठल्याच विषयाच्या अभ्यासक्रमात नव्हतं. व्हायवा होती म्हणा, पण तिच्यात आम्ही व्याख्या घडाघडा म्हणायचो.

एडिटरबद्दल एक तक्रार सगळ्यांची असते की त्यात कोड पुरा करून देणारी सोय नाही आणि रन करायचं बटणही नाही. मला ते उलट आवडलं. बटण नसलं की एक छोटं उदाहरण घेऊन ओळ न ओळ हाताने चालवून बघावी लागते, आणि तेच मोठ्याने केलं की समोरच्याला आत यायला दार मिळतं.

दुसरं सत्र सगळ्यात गमतीचं. बायनरी सर्च, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत (ॲरेमध्ये) दरवेळी मधला घटक बघून निम्मी यादी सोडत शोधणं. मला हसूच आलं, हे तर झोपेत येतं. पाच मिनिटांत लिहून, बोलूनही दाखवलं. समोरच्यांनी मध्य काढायच्या ओळीवर कर्सर नेला: लो (शोधायच्या भागाचं पहिलं टोक) अधिक हाय (शेवटचं टोक), भागिले दोन. "ॲरे फार मोठा असला तर?" मी म्हटलं, तरी लॉग एनच, म्हणजे पावलं थोडीच वाढतात. ते गप्प. मग हळूहळू उजेड पडला. ३२ बिटांच्या इंटिजरमध्ये, म्हणजे पूर्णांकात, मावणारी सगळ्यात मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. लो आणि हाय दोन्ही त्याच्या निम्म्याच्या पुढे गेले की बेरीज मावत नाही, उलटून ऋण होते, आणि प्रोग्रॅम ऋण क्रमांकाचा घटक शोधायला जातो. म्हणून लो अधिक (हाय वजा लो) भागिले दोन असं लिहायचं. त्यांनी सांगितलं की जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या स्वतःच्या लायब्ररीत (तयार कोडच्या संग्रहात) हीच चूक वर्षानुवर्षं पडून होती, आणि तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ साली ते जाहीरपणे लिहिलं. इंटिजर ओव्हरफ्लो, म्हणजे संख्या न मावण्याची ही भानगड, मी पहिल्याच वर्षी शिकले होते, बायनरी सर्च दुसऱ्या वर्षी. दोघांची गाठ घालून द्यायला तिसरं माणूस लागलं.

तिसरं सत्र सिस्टिम डिझाइनचं. वाया गेलं. लांबलचक वेब पत्ते छोटे करून देणारी सेवा कशी बांधाल, हा प्रश्न इतका चोथा झालाय की मी तयार उत्तर म्हटलं आणि समोरच्यांनी तयार शेरा दिला. फ्रेशरला हे सत्र का देतात कळत नाही; बहुधा सहाचा आकडा भरायला. पाचवंही जवळजवळ तसंच. ऐनवेळी माणूस बदलला, अर्धा वेळ आवाज तुटत होता, आणि सत्र बदलून मागितलं तर आठवडाभर उत्तर नाही.

पण चौथं. ते रेझ्युमेचं होतं आणि मी ते गाळणारच होते. त्या बाईंनी माझा एका पानाचा कागद स्क्रीनवर उघडला आणि 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम' या ओळीवर बोट ठेवलं. "या आठवड्यात ही मी तिसऱ्यांदा बघतेय. यात तुम्ही काय केलंत?" चौघांचा गट होता. आमच्यात कोड लिहिणारा एकच, एक रिपोर्ट लिहिणारी, एक सादरीकरणाला, आणि माझ्याकडे डेटाबेस. तसं सांगितलं. "मग अवघड काय गेलं?" मी आठवून आठवून सांगितलं की ४० हजार नोंदी भरल्यावर पुस्तक शोधायला सहा-सात सेकंद लागायला लागले, मग मी क्वेरीला (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला) एक्सप्लेन लावून, म्हणजे डेटाबेस उत्तर कसं शोधतो ते त्यालाच विचारून, बघितलं, तर ती दरवेळी अख्खं टेबल वाचत होती; त्या कॉलमवर इंडेक्स, म्हणजे पुस्तकाच्या मागे असते तशी सूची, लावला आणि उत्तर पापणी लवायच्या आत यायला लागलं. त्या म्हणाल्या, "हे कागदावर का नाही?"

खरंच का नव्हतं? कारण मला ते काम वाटलंच नव्हतं, ती डोकेदुखी होती. आणि आणखी एक लाजिरवाणी गोष्ट: तो इंडेक्स ज्या बी-ट्रीवर, म्हणजे नोंदी क्रमाने ठेवणाऱ्या झाडासारख्या रचनेवर, चालतो त्यावर मी परीक्षेत पानभर उत्तर लिहिलं होतं, आकृतीसकट. नोड फुटतो कसा, उंची कमी का राहते, सगळं. पण आपण लावलेला इंडेक्स म्हणजे तेच झाड, हे त्या दिवशी त्या बाईंशी बोलताना डोक्यात उतरलं. पदवीने काही दिलं नाही असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, मीही त्या पाच महिन्यांत म्हणत होते. दिलं होतं. कुठे ठेवलंय ते सापडत नव्हतं.

सहावं सत्र या सेवेचं खरं सोनं, आणि ते सगळ्यात शेवटी का ठेवतात देव जाणे. दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला ६० ओळींचा जावा कोड देतात आणि म्हणतात, हा कधीकधी चुकतो, शोधा. कधीकधी! डेटाबेसचं एक कनेक्शन उघडून बंद न केलेलं होतं, ते दिसलं. दुसरं दिसेना. १२७ पर्यंतच्या क्रमांकांना प्रोग्रॅम बरोबर चालायचा आणि १२८ला गडबडायचा. शेवटी त्यांनी इशारा दिला तेव्हा सापडलं: दोन इंटिजर ऑब्जेक्ट (आकडा आत ठेवणाऱ्या डब्या) डबल इक्वलने, म्हणजे == या चिन्हाने, ताडले होते. उणे १२८ ते १२७ पर्यंतचे इंटिजर जावा आधीच बनवून ठेवते आणि तेच पुन्हा वापरायला देते, म्हणून तिथपर्यंत तुलना नशिबाने बरोबर येते. पुढे प्रत्येक वेळी नवं ऑब्जेक्ट, आणि डबल इक्वल किंमत नाही, ते एकच ऑब्जेक्ट आहे का एवढंच बघतं. मी विचारलं की असा कोड आता एआयला दिला तर तो लगेच सांगेल की. ते म्हणाले, "सांगेल. बरोबर सांगितलं का ते कोण सांगणार?" चॅटजीपीटी २०२२च्या नोव्हेंबरात आलं तेव्हा मी तिसऱ्या वर्षाला होते, त्यानंतरच्या निम्म्या असाइनमेंट वर्गात कुणी केल्या हे आम्हाला माहीत आहे. त्यामुळे मी पुढे काही बोलले नाही.

आता नोकरीला सात महिने झाले. सात महिन्यांत बायनरी ट्री उलटं करायला, मुलाखतीत विचारतात तसं, कुणी सांगितलेलं नाही. काम आहे ते सहाव्या सत्रासारखं: दुसऱ्याचा कोड वाचा, लॉग (प्रोग्रॅमने चालताना केलेल्या नोंदी) वाचा, टिकेटमध्ये, म्हणजे तक्रारीच्या नोंदीत, लिहिलेल्या दोन ओळींमागे नक्की काय बिघडलंय ते शोधा. गिट, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन, २००५ पासून जगात आहे, पण माझ्या अभ्यासक्रमात ते नव्हतंच. पहिला मर्ज कॉन्फ्लिक्ट (दोघांनी एकाच ठिकाणी केलेल्या बदलांची टक्कर) आला तेव्हा मी घाबरून फोल्डरच दुसरीकडे कॉपी करून ठेवला होता. आणि पहिल्या पंधरवड्यात आमची एक सर्व्हिस माझ्या मशीनवर सुरूच होईना, तर मी दोन दिवस एकटी झटत बसले. एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे मशीनवर आधी द्यायची एक सेटिंग, राहिला होता. टीम लीड म्हणाले, "अर्ध्या तासानंतर विचारायचं, दोन दिवसांनी नाही." मला ते बंद दार आठवलं.

तर सेवा घ्यावी का? पहिलं, चौथं आणि सहावं सुटं मिळत असेल तर डोळे मिटून घ्या. अख्खं पॅकेज घ्यायला लावत असतील तर तिसऱ्याच्या जागी दुसरं रेझ्युमे सत्र मागून बघा, मला शेवटी नाही म्हणाले पण विचारायला काय जातं. जाहिरातीतली 'नोकरीची हमी' वाचून घेऊ नका. बारीक अक्षरांत ती हमी 'मुलाखतीच्या संधीची' होते आणि आणखी खाली 'प्रयत्नांची'. प्रमाणपत्र देतात, ते मी कुणाला दाखवलेलं नाही. पाचपैकी तीन तारे. त्यावर त्यांचा फोन आला, दोन का कापले म्हणून. मी पाचव्या सत्राची तारीख सांगितली.

धाकटा भाऊ आता दुसऱ्या वर्षाला आहे, हेच शिकतोय. त्याने परवा पहिलं रेकॉर्डिंग मागितलं, दिलं. चार मिनिटांनी खोलीतून ओरडला, "ताई, याचा आवाज गेलाय का?"